पंच आणि लाल मासे

शहापूरला आम्ही ज्यांच्या घरात भाड्याने राहायचो, त्यांना बाजारात सगळे 'पंच' म्हणत. पंच म्हणजे पंचायतीतले नव्हेत. पंचनामा करताना खाली सही करायला रस्त्यावरून जी दोन माणसं धरून आणतात, त्यांतले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्या नावाने त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकलेलीच नाही, त्यामुळे लिहून कुणाला पटायचंही नाही.

घर रस्त्याला लागून होतं आणि ओट्यासमोर हात दाखवला की एसटी थांबायची. त्यामुळे दिवसातून पाचपंचवीस माणसं त्यांना एकच प्रश्न विचारायची. पिशव्या सावरत, धापा टाकत कुणीतरी यायचं.

"पंच, किन्हवली गेली का?"

"मी जाताना बगितली नाय."

"म्हंजी यायचीय?"

"तसं मी बोललो का? मी आत ताक पीत होतो. गेली असंल, नसंल. मी बगितली नाय."

माणूस चरफडत उभा राहायचा. पंच आपले ओट्यावर सुपारी कातरत बसलेले. त्यांना कुणाची थट्टा करायची नसायची, हीच तर खरी अडचण होती. थट्टा असती तर हसून सोडून देता आलं असतं.

शेजारच्या मुलाचं लग्न त्यांनी असंच मोडलं. मुलीकडची माणसं चौकशीला आली, तेव्हा चहा घेऊन झाल्यावर त्यांतल्या एकाने दबक्या आवाजात विचारलं, मुलगा पितबीत नाही ना? पंच म्हणाले, "पिताना मी बगितला नाय." पाहुण्यांच्या चेहऱ्यावर जरा उजेड पडला. मग पंचांनी वाक्य पुरं केलं, "प्यायलेला बगितलाय. चार येळा." पाहुणे उठले. मुलाच्या आईने पुढे वर्षभर पंचांच्या नावाने बोटं मोडली आणि पंच रोज सकाळी तिच्याच दारावरून, जणू काही झालंच नाही असे, विहिरीवर जात राहिले.

मयताला गेले तरी तेच. लोक म्हणायचे, देवमाणूस गेला. पंच म्हणायचे, "मला रोज रामराम करायचा." एवढंच. जेवढं पाहिलं तेवढंच.

हे असं का, ते मला नाक्यावरच्या न्हाव्याने सांगितलं. तरुणपणी पंच बोलावणं आलं की कुणाच्याही पंचनाम्यावर सही करत. कागद कोरा असला तरी करत. एकदा भजी खाता खाता त्यांनी अशीच एक सही केली आणि रानातल्या पाड्यावरचा एक माणूस सागाच्या चोरीत आत गेला. त्या माणसाने झाडाला हातसुद्धा लावला नव्हता म्हणतात. तो आत असेपर्यंत त्याची बायको दर बाजाराच्या दिवशी यायची आणि पंचांच्या ओट्यासमोर रस्त्यापलीकडे उभी राहायची. शिव्या नाहीत, रडणं नाही, नुसती उभी. बाजार उठला की निघून जायची. तेव्हापासून पंचांनी न पाहिलेल्या गोष्टीबद्दल बोलणं सोडलं. न्हाव्याने ही गोष्ट फार रंगवून सांगितली. ती कितपत खरी, देव जाणे. पंचांना विचारायची माझी छाती झाली नाही.

मी तेव्हा तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. आमचं सगळं काम एका वाक्यावर चालायचं: 'समक्ष पाहणी केली असता काम समाधानकारक आढळले.' बंधारा तानसाकडचा असो की कसाऱ्याच्या वरचा, आम्ही तो टेबलावर बसूनच समक्ष पाहायचो. मी संध्याकाळी घरी आलो की पंच विचारायचे, "आज काय बगितलंत, भाऊ?" सुरुवातीला मला वाटायचं, म्हातारा टोमणा मारतोय. नंतर कळलं की त्यांना खरंच ऐकायचं असायचं. मी काहीतरी थापा मारायचो आणि ते मन लावून ऐकायचे. खोटं बोलणाऱ्या माणसाला असा श्रोता मिळू नये.

आता माशांचं सांगतो. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. बायको दुसऱ्या वेळी बाळंतपणाला मुरबाडला, माहेरी गेली होती. तिला डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून आमची पाच वर्षांची लेक माझ्याकडे शहापुरात राहिली. सकाळी ती बालवाडीत जायची, दुपारनंतर पंचांच्या ओट्यावर असायची. पंच एकटे होते, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ते तिला भाकरी कुस्करून द्यायचे, वेणी घालायचे, चिखलातून चालताना पाय कसा टाकायचा ते शिकवायचे. फुकटात एवढं सांभाळणारं माणूस मला मिळालं होतं, आणि मी ते हक्काचं समजत होतो. हे आज लिहिताना लाज वाटते, तरी लिहितो.

लेकीने डॉक्टरांच्या दवाखान्यात काचेच्या टाकीत लाल मासे पाहिले आणि तिला वेड लागलं. मी म्हटलं, बाळ येईल ना, तेव्हा बाळाला दाखवायला आपण मासे आणू. झालं. तिने ते वाक्य धरूनच ठेवलं. मग फोटोच्या फ्रेमा करणाऱ्या काचवाल्याकडून मी दोन फुटांची टाकी करवून घेतली. ती कोपऱ्यातून पाझरली, परत नेली, पुन्हा चिकटवून आणली. भातसा नदीची रेती आणली. ती लेकीने आणि पंचांनी बादलीत घोळून घोळून धुतली, पाणी नितळ येईपर्यंत, तब्बल एक दुपार. नळाच्या पाण्याला जंतुनाशक टीसीएल पावडरचा वास यायचा म्हणून पंचांनी विहिरीचं पाणी भरलं. कल्याणहून मी बुडबुड्यांची मोटर आणली. ती लावली की सबंध खोली गुरगुरायची. वीज गेली की गप्प. लेक मग टाकीत फुंकर घालायची.

टाकी सजली, पाणी भरलं, मोटर गुरगुरली आणि मासे नव्हते. रविवारी कल्याणला जाऊन आणू असं मी म्हणत होतो आणि रविवार पुढे ढकलत होतो. एका दुपारी लेकीने पंचांना विचारलं, "आजोबा, लाल मासे कुठे असतात?"

पंच म्हणाले, "मी बगितलेत. खाचरात."

आणि ते उठले. लावणी होऊन गेली होती, भात गुडघ्याएवढं झालं होतं. पंच लेकीला खांद्यावर घेऊन बांधावर गेले आणि धोतराचं टोक पसरून त्यांनी पाण्यातून एक लाल पुंजका उचलला. मी कचेरीतून आलो तर टाकीत साठसत्तर मासे. बोटाच्या पेरापेक्षा लहान, शेंदरासारखे लाल, सगळे एकत्र वळणारे, एकत्र थांबणारे. डॉक्टरांच्या टाकीतले मासे त्यांच्यापुढे काहीच नाहीत. लेक टाकीला नाक लावून बसली होती, काचेवर तिच्या श्वासाचा गोल उमटला होता.

ती मरळीची पिल्लं होती. आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ती ओळखू येतात. मी शेतकऱ्याच्याच घरातला, पण मला आली नाहीत. मरळीची पिल्लं लहानपणी लाल असतात, आई त्यांच्याभोवती फिरून राखण करते. मोठी झाली की काळपट होतात. आणि आई नसली, खायला पुरेसं नसलं की एकमेकांना खातात. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी पंचांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "वा, पंच! कल्याणची खेप वाचवलीत."

पंच टाकीकडे बघत म्हणाले, "आई जवळच होती त्यांची. लय फिरली पायाशी."

मी ते ऐकून सोडून दिलं.

त्याच आठवड्यात मुरबाडहून निरोप आला आणि लेकीला पंचांजवळ ठेवून मी धावत गेलो. मुलगा झाला होता. तो दोन दिवस दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत जगला, तिथे घरच्या कुणाला सोडत नव्हते, आणि मी पोचलो तेव्हा गेलेला होता. दवाखान्यात कागदांवर सह्या केल्या, मी आणि मेहुण्याने गावाबाहेर ओढ्याकाठी, दुपट्यात गुंडाळलेलं होतं तसंच, जे करायचं ते केलं. बायकोला बाळ दाखवलं नाही. सासूबाई म्हणाल्या, बघितलं की जन्मभर डोळ्यांपुढून हलायचं नाही, नकोच. बायको त्या वेळी शुद्धीत आणि बेशुद्धीत, दोन्हींच्या मध्ये होती. ती काही बोलली नाही. पुढेही बोलेना. भिंतीकडे तोंड करून पडून असायची. चार दिवस राहून मी शहापूरला परत आलो.

दारात लेक उभी. "बाळ झालं?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच सांगून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण ती म्हणाली, "कसं आहे?" आणि मी म्हटलं, "छान आहे. आजीकडे आहे. लहान आहे ना, अजून एसटीत बसवत नाहीत."

तिथून जे सुरू झालं ते मला थांबवता आलं नाही. रोज संध्याकाळी ती विचारायची, आज बाळाने काय केलं? मी सांगायचो. आज बाळ शिंकलं. आज बाळाने मामाचं बोट धरून ठेवलं. आज आजीने तीट लावली तर ते रडून लाल झालं. दर रविवारी मी मुरबाडला जायचो, भिंतीकडे तोंड केलेल्या बायकोजवळ दोन तास बसायचो, आणि परत येताना किन्हवलीपर्यंतच्या रस्त्यात बाळाची आठवड्याभराची बातमी जुळवायचो. मला सांगायला लाज वाटत नाही, त्या बातम्यांवर मी जगत होतो. कचेरीत मला मधेच आठवायचं, आज सांगायचं की ते कुशीवर वळलं. आणि जरा बरं वाटायचं. एका खोलीत, एका लहान पोरीसमोर, रोज अर्धा तास, माझा मुलगा वाढत होता.

मी हे सांगायचो तेव्हा पंच दारात बसलेले असायचे. त्यांनी कधी मधे तोंड घातलं नाही. बाळ गेल्याची बाजारातली कुजबुज त्यांच्या कानावर आली असणारच. पण कुजबुज म्हणजे पाहिलेलं नव्हे.

इकडे मासे कमी होऊ लागले. लेकीला वीसपर्यंत मोजता यायचं. आधी मासे तिच्या मोजण्यात मावत नव्हते, मग मावायला लागले. ती त्यांना भात घालायची, पोळीचा चुरा घालायची, ते त्याला तोंड लावायचे नाहीत. पंच कधी गांडुळं आणायचे, कधी डबक्यातल्या अळ्या, त्या पुरायच्या नाहीत. लालपणा उतरत चालला होता. काही मासे इतरांच्या दुप्पट झाले होते, आणि मोठे झाले ते पुंजक्यात राहत नव्हते, कोपऱ्यात एकेकटे थांबायचे.

"बाबा, कमी कसे झाले?"

"लपलेत," मी म्हटलं. "रेतीत लपून बसतात."

दुसऱ्या दिवशी ती रेतीत हात घालून बसली. कोपरापर्यंत. काही सापडेना म्हणून तिने ओट्यावर जाऊन विचारलं. मी आत शर्ट बदलत होतो, मला सगळं ऐकू आलं.

"आजोबा, मासे रेतीत लपलेत?"

"नाय गो बाय."

"मग?"

"खाल्ले."

"कोणी?"

"त्यांनीच. एकाच आईची पोरं हायेत, पण मोठा झाला का बारक्याला खातो. मी बगितलाय. परवा तुझ्या टाकीतच बगितला."

मी बाहेर आलो तेव्हा लेक माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. नुसती बघत होती. मी पंचांना बाजूला घेतलं.

"तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"होय."

"मग टाकीत आणून घालताना बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं नाय, भाऊ. पोरीनं इचारलं, लाल मासे कुठं असतात. ते मी सांगितलं."

"आणि आता तिला हे सांगायची काय गरज होती?"

पंचांना प्रश्नच कळला नाही असं मला वाटलं. "तिनं इचारलं ना आता," ते म्हणाले.

त्या रात्री जेवताना तिने पहिल्यांदा बाळाची बातमी विचारली नाही. मीच सांगायला लागलो की आज बाळ आवाजाकडे मान वळवतं. तिने ऐकून घेतलं, भाताचा घास गिळला आणि म्हणाली, "तू बघितलंस?"

पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडी पंचांचा प्रश्न. मी म्हटलं, "हो तर."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पंचांना विचारलं, आजोबा, माझं बाळ आहे का? पंच म्हणाले, मी बगितलं नाय. तिने म्हटलं, मग बघून या ना.

बस. इतकं साधं. कुणी दुसरा असता तर हसला असता, किंवा पोरीला गूळ देऊन गप्प केलं असतं. पंचांनी दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, लेकीला बालवाडीत पोचवलं आणि मुरबाडची एसटी धरली. घर त्यांना माहीत नव्हतं. बाजारपेठेच्या मागे एवढंच मी कधीतरी बोललो होतो. विचारत विचारत गेले.

सासूबाईंना वाटलं, समाचाराला आलेत. त्यांनी पाणी दिलं, बसायला पाट दिला. पंच बसले नाहीत. म्हणाले, "बाळ बगायला आलोय."

सासूबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मेहुणा धावला, म्हाताऱ्याला वेड लागलंय म्हणून त्यांचा दंड धरला. तेवढ्यात आतून माझी बायको बाहेर आली. महिन्याभरात पहिल्यांदा ती आपणहून उठून चालली होती. दाराची चौकट धरून ती म्हणाली, "बाळ नाही."

पंचांनी विचारलं, "तुमी बगितलंत, बाय?"

ती म्हणाली, "मला दाखवलं नाही."

"मंग कोनी बगितलं?"

"ह्यांनी."

पंचांनी हात जोडले आणि परतीची एसटी धरली. हे मला मेहुण्याने नंतर, शिव्यांसकट, सांगितलं.

मी संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा ओट्यावर लेक त्यांच्या मांडीशी बसली होती. पंच तिला म्हणत होते, "घरात बाळ नाय. पाळणा हाय, तो रिकामा हाय. तुझ्या आईनं पण बगितलं नाय. बापानं बगितलंय. ते त्याला इचार."

तिने मान वर केली. मला इतकी वर्षं झाली तरी ते तोंड विसरता आलेलं नाही. तिला माझा राग आला नव्हता. ती वाट बघत होती, मी काय म्हणतो याची. एका वाक्याचं काम होतं. बाळ होतं आणि बाळ गेलं. मी तेवढं म्हटलं असतं तर ती रडली असती, मीही रडलो असतो, आणि त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून ते बाळ पोचवलं असतं.

मी पंचांवर ओरडलो. रस्त्यावरची माणसं थांबली. मी त्यांना काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. त्या सागाच्या माणसाचंही काढलं. म्हटलं, एकाला आत घातलंत आणि त्याची फेड आमच्या घरातून करताय? पंच ऐकत राहिले. 'मला वाटलं', 'माझा हेतू तसा नव्हता', असं ते एकदाही म्हणाले नाहीत. मी आत गेलो, टाकी उचलली आणि मागच्या अंगणात उलटी केली. रेती, पाणी, मोटरची नळी आणि शेवटी उरलेला एकच मासा, बोटभर, काळा. तो ओल्या गवतातून सरपटत गेला, बांधाच्या दिशेने. मरळ पाण्याबाहेरही जगते. लेक मागच्या दारात उभी राहून ते बघत होती.

लोक मला म्हणतात, इतक्या वर्षांनी सोडून दे की. म्हातारा भोळा होता. मी म्हणतो, भोळा माणूस कोणाचं मूल दुसऱ्यांदा मारत नाही. एकदा ते दवाखान्यात गेलं, ते देवाने नेलं म्हणू. पण माझ्या बोलण्यात ते महिनाभर वाढत होतं, शिंकत होतं, कुशीवर वळत होतं. ते पंचांनी नेलं, धुतलेला सदरा घालून, एसटीचं तिकीट काढून. आणि त्या माणसाने स्वतःकडून काही चुकलं असं कधी मानलं नाही. मानणार कसा? तो खरंच बोलला होता.

दोन दिवसांनी मी बायकोला घेऊन आलो. तिलाच यायचं होतं. एसटीत ती एकदाच बोलली, पोरीला काय सांगायचं? मी म्हटलं, मी बघतो. एसटी ओट्यासमोर थांबली. पंच नेहमीच्या जागी होते. लेक पायरीवर होती. आईला बघून ती धावेल असं मला वाटलं होतं. ती धावली नाही. ती मागे सरकली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मी नाही खाल्लं."

बायकोला काही कळेना. तिने माझ्याकडे बघितलं. मला कळलं होतं.

"मी इथेच होते," लेक म्हणाली. "मी बाळाकडे गेलेच नाही. मी मोठी आहे, पण मी नाही खाल्लं. आजोबांना विचार."

बायको पायरीवर बसली. तेव्हा पंच उठले. टोपी काढून हातात घेतली आणि माझ्या बायकोसमोर येऊन म्हणाले, "इथंच होती, बाय. एक दिस कुठं गेली नाय. सकाळी बालवाडीत, दुपारधरनं माझ्याजवळ. मी बगितलंय. कोनापुढं पन सांगीन."

लेकीने आईच्या गळ्यात हात टाकले ते तेव्हा. आई म्हणाली म्हणून नाही, बाप म्हणाला म्हणून नाही, पंचांनी साक्ष दिली म्हणून. मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन रस्त्यावर उभा होतो. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

महिन्याभरात आम्ही ते घर सोडलं. पंचांशी मी परत बोललो नाही. ते गेल्याचं पुढे काही वर्षांनी कळलं, तेव्हाही मी गेलो नाही. लेक मात्र गेली, आईला घेऊन. लेक आता मोठी झाली आहे, शहाणी आहे, माझ्याशी नीट बोलते. पण मी काही सांगितलं की आत जाऊन आईला विचारून येते.

आणि बायकोचं एक राहिलं. मुरबाडहून आणलं त्याच दिवशी संध्याकाळी, लेक झोपल्यावर, ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "एक विचारू? घरात तुम्ही एकट्यानेच बघितलंय त्याला. कसं होतं?"

मी म्हटलं, "तुझ्यासारखं होतं. नाक अगदी तुझं."

तिने मान हलवली. किती वेळ हलवत होती. मग पुन्हा विचारलं, "आणि डोळे?" मी म्हटलं, मिटलेले होते. शांत. झोपल्यासारखे. ती रडली आणि तिला जरा झोप लागली. अजूनही कुणी विषय काढला तर ती म्हणते, नाक माझ्यासारखं होतं, ह्यांनी बघितलंय.

दवाखान्यात नर्सने दुपट्याचं टोक बाजूला केलं होतं आणि म्हणाली होती, बघून घ्या आणि इथे सही करा. मी सही केली. डोळे मिटलेले होते हे खरं आहे. माझे.